अभ्यागत हा अभ्यागत नाही

कोणतीही वस्तू ही स्वतःच असते, असे विज्ञान मानते. सर्व्हर मात्र पुरावा मागतो.

धाकटीला हे त्या सकाळी कळले. (ऑफिसात सगळ्यांत नवी म्हणून ती धाकटी, सगळ्यांत जुने ते आजोबा, त्यांची पस्तिशी अजून उलटायची आहे.) हे ऑफिस एका इस्पितळाची भेटपास देणारी वेबसेवा सांभाळते. तिची नवी आवृत्ती आज सर्व्हरवर चढवायची होती, आणि पहाटेच त्या इस्पितळात धाकटीच्या ताईला मुलगी झाली होती. सेवा नाही तर पास नाही, पास नाही तर भाची नाही.

आवृत्ती चढवली. सर्व्हर म्हणाला, 'अभ्यागत' नावाचा क्लास, म्हणजे जावा प्रोग्रॅमचा एक तुकडा, सापडत नाही. अशा वेळी ऑफिसची पद्धत ठरलेली आहे. तुकडा ज्या फाइलीत असेल, तिची आणखी एक प्रत आणखी एका फोल्डरमध्ये ठेवायची. जुनी प्रत काढायची नाही. कुणाला लागत असेल, कोण जाणे. या उपायाला शंभर टक्के यश येते, कारण जुनी तक्रार जाऊन दर वेळी नवी येते. (तक्रार नवी असणे यालाच प्रगती म्हणतात.)

प्रत ठेवली. नवी तक्रार आली: 'अभ्यागत'चे 'अभ्यागत'मध्ये रूपांतर होऊ शकत नाही.

"दोन फोल्डरांत दोन प्रती आहेत," धाकटी म्हणाली. "एक सर्व्हरनं उचललीय, एक आपल्या सेवेनं. दोघांना आपापलीच खरी वाटतेय. एक काढून टाकू."

खोलीत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"काढून टाकू?" आजोबा म्हणाले. "अगं, इतकी वर्षं बिचारी गुमान पडून आहे, तुझं काय खाल्लं तिनं? तिसरी ठेव. दोघींचं भांडण मिटेल."

तिसरी ठेवली. आता तक्रार पानभर आली. (टाळ्या वाजल्या.)

तेवढ्यात आईचा फोन. "अगं, दारावरचा आत सोडत नाही! म्हटलं, बाबा रे, मी पोरीची आजी. तर म्हणतो, इथं सगळ्या आज्याच येतात!"

आजोबा चौथ्या फोल्डरच्या नावावर मतदान घेत होते. धाकटीने जास्तीच्या प्रती गुपचूप पुसल्या आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. पास धडाधड निघू लागले. आई आत गेली. धाकटी पर्स उचलून पळत सुटली.

ऑफिसात मात्र चिंता पसरली. काहीही न वाढवता सेवा चालते, हे लक्षण बरे नव्हे. खबरदारी म्हणून आजोबांनी पुसलेल्या सगळ्या प्रती पुन्हा आपापल्या जागी आणून ठेवल्या.

इस्पितळाच्या दारातल्या यंत्राने धाकटीला कळवले: अभ्यागत हा अभ्यागत नाही. शेवटी ताईने वरच्या खिडकीतून दुपट्यातली भाची दाखवली, आणि मावशीने खाली फुटपाथवर उड्या मारून तिचे स्वागत केले.

रांगेत तिच्यामागे तुम्हीच होतात. चांगले हसलात. मग तुमचा पास अडकला, तेव्हा तुम्ही काय केलेत? तेच नाव, तोच नंबर घालून पुन्हा अर्ज भरलात. मग आणखी एकदा. पहिला अर्ज रद्द करायचे बटण तिथेच, तुमच्या नाकासमोर होते. ते दाबायला मात्र तुमचा हात धजावला नाही.