लाल पट्टीची बाटली

"तुमच्या डोक्यावर औषधाला केस नाही आणि शाम्पू तुम्ही निवडणार?" बायकोने विचारलं.

"म्हणूनच मी निवडणार," फिटर म्हणाला. "ज्याला स्वतःला काही लागत नाही, तोच खरं सांगतो."

फिटर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची बायको एका मोठ्या वाचनालयात अकरा वर्षं तात्पुरत्या पदावर होती. कायम होण्यासाठी दोन मुलाखती झाल्या, दोन्हींत नापास. गेल्या खेपेला समितीतल्या एका गृहस्थाने फाईल मिटता मिटता सांगितलं होतं, "बाई, जरा नीटनेटक्या येत चला." तिचे केस कोरडे, पिंजारलेले, विंचरले की दुपटीने फुगणारे. साठ हजार पुस्तकांतलं कुठलंही पुस्तक डोळे मिटून काढून देणाऱ्या बाईचं डोकं जे लोक फक्त बाहेरून बघतात, त्यांना काय म्हणावं ते छापता येत नाही. तिसरी मुलाखत आठ दिवसांवर आली होती. नियमाप्रमाणे ती शेवटची.

दुकानात शिरला आणि फिटर थक्क झाला. जमिनीपासून छतापर्यंत बाटल्या! कोरड्या केसांच्या, तेलकट केसांच्या, गळणाऱ्यांच्या, न गळता रुसलेल्यांच्या. प्रत्येक बाटलीवर तीच बाई, मान तशीच मागे टाकलेली. त्याने दोन मजली उंचीची यंत्रं खोलून जोडली होती, पण केसासारख्या बारीक वस्तूसाठी उभारलेला एवढा कारभार त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याने नकळत टोपी काढली.

"कुठल्या प्रकारच्या केसांसाठी हवंय?" दुकानदारीणबाईंनी विचारलं, आणि समोरचं डोकं बघून त्या घाईघाईने रॅक पुसायला लागल्या.

"तपासून सांगतो," फिटर म्हणाला आणि रिकाम्या हाताने घरी आला.

घरी त्याने कामावरचं भिंग काढलं. आधी आईचा केस घेतला: सरळ, पातळ. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी टाळूवर टिपकागद दाबला, तर कागदावर तेलाचा डाग. मग बायकोचा केस. तिचा टिपकागद कोरडा ठणठणीत. पण भिंगाखाली केस पाहिला आणि भिंग पुसून त्याने तो पुन्हा पाहिला.

"काय झालं? जट आहे का?" बायको घाबरली.

"अगं, हा सरळ नाहीये. वळतोय. सारखा वळतोय."

"माहितीये मला. पंधरा वर्षं सरळ करतेय त्याला."

दुसऱ्या दिवशी तो पार्लरवाल्यांना माल देणाऱ्या दुकानात गेला. तिथे महागड्या बाटलीमागची बारीक अक्षरं भिंगातून वाचली, मग स्वस्त कॅनवरची. पहिली पाच नावं तीच, त्याच क्रमाने. फरक फक्त वासाचा आणि त्या बाईच्या मानेचा. चिडून त्याने एक शाम्पूचा आणि एक कंडिशनरचा असे दोन स्वस्त कॅन उचलले.

"शाम्पू मळ काढतो, कंडिशनर म्हणजे वंगण," त्याने घरी समजावलं. "आई, तुला वंगण फक्त टोकांना, तेही थेंबभर. हिला भरपूर. आणि फेसाला भुलू नका. हा सौम्य माल आहे, फेस कमीच येणार."

मग त्याने दोन सारख्या बाटल्या भरल्या आणि कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे पट्ट्या चिकटवल्या. धुण्याच्या द्रवाला लाल, वंगणाला हिरवी. त्याच्या खात्यात हे शेंबडं पोरही सांगेल. "पट्टीप्रमाणे वापरा," एवढं बोलून तो पहाटेच्या पाळीला गेला.

पण त्याची आई तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. तिच्या खात्यात लाल पट्टी म्हणजे विष.

"सूनबाई, लालला हात लावायचा नाही हं," तिने बजावलं आणि ती बाटली फिनेलशेजारी वरच्या फळीवर ठेवून दिली. "हिरवी आपली."

"अहो, फेस अजिबातच येत नाही," दोन दिवसांनी बायको म्हणाली.

"सांगितलं होतं ना? फेस म्हणजे नुसता भपका!"

पाचव्या दिवशी आईचे केस टाळूला असे चिकटले, की शेजारीण विचारून गेली, "पावसात भिजलात का?" बाहेर लख्ख ऊन होतं.

"अरे, माझ्या डोक्याला कुणी तवा पुसलाय का?" आई कडाडली.

"टोकांनाच लाव म्हटलं होतं."

"शाम्पू टोकांना? अक्कल गहाण टाकलीस का?"

फिटरला तेव्हाही उमगलं नाही. उमगलं मुलाखतीच्या सकाळी. फिनेल काढायला त्याने वर हात घातला आणि हाताला लाल पट्टीची बाटली लागली. गळ्यापर्यंत भरलेली! न्हाणीघरात हिरवी बाटली तळाला गेली होती. सात दिवस न धुता नुसतं वंगण! अकरा वर्षांची नोकरी आपण ग्रीसमध्ये बुडवली.

"आई, हे काय केलंस?"

"तू विषाची पट्टी लावलीस आणि मला विचारतोस?"

इतक्यात बायको बाहेर आली. वेळ झाला होता, विंचरायलाही सवड नव्हती. तिने टॉवेल काढला.

तिच्या खांद्यावर वेटोळी उतरली होती. शेकडो, सुटी, चमकदार, प्रत्येकाचा फेर वेगळा आणि प्रत्येक आपल्या जागी. तिने मान वळवली तशी ती लांबली आणि पुन्हा जागेवर आली. फिटरने उभ्या आयुष्यात हजारो स्प्रिंगा बसवल्या होत्या. अशी एकही नाही.

"काय बघताय? बिघडलंय का काही?"

"कशाला हात लावू नकोस," तो कुजबुजला. "चालू आहे. चालू दे."

संध्याकाळी ती कायमची नोकरी घेऊन आली. त्याच गृहस्थाने या खेपेला पाऊण तास पुस्तकांबद्दल विचारलं. डोक्यावर नावं ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून बिचाऱ्याला नाइलाजाने तिचं काम बघावं लागलं.

"शेवटी समितीतल्या एका बाईंनी हळूच विचारलं, शाम्पू कुठला वापरता?" बायको हसत म्हणाली. "आता नाव सांगा."

फिटरने आईकडे पाहिलं. आईने लाल बाटली पदराआड घेतली आणि आपले केस धुवायला निघून गेली.

"नाव नाही. हिरवी पट्टी," तो म्हणाला.

थोड्या वेळाने बायको न्हाणीघरात डोकावली. फिटर आरशासमोर उभा होता. हिरव्या बाटलीच्या तळातला शेवटचा थेंब तो आपल्या तुळतुळीत टाळूवर बोटाने गोल गोल चोळत होता.

"अहो, हे काय?"

"यंत्र बंद असलं," तो जराही न लाजता म्हणाला, "तरी वंगण चुकवायचं नसतं."