पंप सुरू आहे

सुरू करणं कुणालाही जमतं. सुरू झालं नाही, हे तोंडाने कबूल करणं भल्याभल्यांना जमत नाही. म्हणूनच माझ्या धाकट्याने इमारतीचा पाण्याचा पंप लिनक्सच्या ताब्यात दिला, हे फार उत्तम झालं. (पूर्वी रखवालदार बटण दाबायचा. पंप लागला नाही, तर वर तोंड करून बोंब मारायचा. अगदीच मागासलेली पद्धत.)

आता जिन्याखाली एक छोटा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर आहे. त्यात शेल स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कामं लिहिलेली चिठ्ठी. पंपाची सर्व्हिस सुरू करा. नाही झाली, तर दहा सेकंद थांबून पुन्हा करा. असं तीनदा. तरी नाही, तर जुना पंप लावा. तोही नाही लागला, तर... इथे पोराची अक्कल बघा. शेवटची ओळ: काहीही झालं असो, 'ठीक' म्हणा आणि पुढे चला. की जिन्यातल्या पडद्यावर हिरवी अक्षरं: पंप सुरू आहे. चोवीस बिऱ्हाडं, अकरा महिने, बिघाड शून्य. (पाणी सातदा गेलं. पण ते पडद्याला कुणी कळवलं नाही.)

परवा मी डोक्याला साबण लावला आणि नळ खाकरून गप्प झाला.

"अरे, पाणी गेलं!"

"आई, पंप सुरू आहे," धाकटा बाहेरून.

"डोळ्यांत साबण गेलाय, मेल्या!"

"थांब, स्क्रिप्ट पुन्हा चालवतो." खटखट, खटखट. "हं. आता तर नक्कीच सुरू आहे."

सून म्हणाली, "अहो, ती शेवटची ओळ काढा की!"

"काढली तर लाल अक्षरं येतील. मग लोक मला विचारतील."

बरोबरच आहे. पाण्यावाचून माणूस तासभर कळ काढतो. लाल अक्षरं मिनिटभर सोसत नाहीत. मी तासभर काढली. शेवटी सुनेने शेजारच्या इमारतीतून अर्धी बादली आणली. (चिठ्ठीत सुनेचं नाव कुठेही नाही.)

संध्याकाळी कमिटीची माणसं दारात आली. "काकू, खरं सांगा. पंप तुमच्या मुलाकडे ठेवायचा, की रखवालदाराकडे द्यायचा?"

डोळे माझे टोमॅटो, केसांची दोरखंडं झालेली. पण पोटचा गोळा आहे तो. म्हटलं, "अहो, आमच्याकडे नळ नुसता धो धो वाहतोय."

हसू नका. सर्व्हिस म्हणजे नेमकं काय, ते तुम्हाला तरी कळलंय का? नाही ना? आणि तरी मान डोलावत इथपर्यंत आलात.