ओक-दान आजींचा नवरा म्हातारा होतो

ओक-दान आजींनी फोटो स्टुडिओच्या काउंटरवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक चौतिसाव्या वर्षी बोटीवरून परत न आलेल्या नवऱ्याचा. दुसरा स्टुडिओवाल्या मू-योंगने कालच काढलेला त्यांचा स्वतःचा, वय एक्क्याऐंशी. आपल्यामागे मांडायचा फोटो धडधाकट असतानाच काढून ठेवलेला बरा, म्हणून आजी काल मुद्दाम रेशमी हानबोक, म्हणजे सणासुदीचा कोरियन पोशाख, घालून आल्या होत्या.

"मी गेले की सून श्राद्धाच्या टेबलावर दोघांना असं मांडणार," आजी म्हणाल्या. "लोक विचारतील, ही माउली लेकाला मांडीवर का घेत नाही?"

"मग तुम्हाला तरुण करू," मू-योंग म्हणाला. त्याची खोडच होती ती. एखादी गोष्ट जमते का, हे बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. त्याने संगणकावर आजींचे डोळे, ओठ, कान मास्कच्या आवरणाखाली झाकले, म्हणजे त्यांना धक्का लागायला नको, आणि उरलेल्या चेहऱ्यावरून सत्तेचाळीस वर्षं उतरवली.

आजींनी चष्मा लावला. "ही कोण?"

"तुम्हीच."

"मी चौतिशीत डोक्यावर मासळीची टोपली घेऊन उन्हात हिंडत होते. ही बया जन्मात उन्हात गेलेली नाही. हिला माझ्या नवऱ्याशेजारी बसवतोस? काढ आधी."

मू-योंग खजील झाला, पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. बाई तरुण होत नाही, तर नवरा म्हातारा होतो का? आजींनी धाकट्या दिराचा फोटो आणून दिला. मू-योंगने नवऱ्याचे डोळे तेवढे मास्कखाली राखले आणि बाकी कपाळ, गाल, हनुवटी दिराची चढवली.

"हा तर अख्खा दीरच झाला," आजी म्हणाल्या. "त्या कद्रूशेजारी मी मेल्यावरसुद्धा बसायची नाही. सरक, मी सांगते तसं कर."

मू-योंगने नवऱ्याचा मूळ फोटो पुन्हा पडद्यावर घेतला, आजी स्टूल ओढून बसल्या.

"केस काढ. सासऱ्यांना पन्नाशीतच टक्कल होतं."

काढले.

"नाक जरा लाल कर. मक्कोल्ली दारू प्यायचा. नको, राहू दे. साठीला सोडली असती."

"कशावरून?"

"मी सोडायला लावली असती."

मू-योंगने लाली पुसली.

"कपाळावर आठ्या घाल. थोरल्या लेकाने शिक्षण सोडलं तेव्हा पडल्या असत्या तशा. अजून एक. आता डोळ्यांच्या कडेला हसल्याच्या सुरकुत्या. नातीला खांद्यावर घेऊन हिंडला असता तो."

मू-योंग मास्कखालचा एकेक भाग मोकळा करून बदलत गेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन परतली, पण त्याला त्याचं भान नव्हतं. पुढे काय निघतं, एवढंच त्याला बघायचं होतं. शेवटी पडद्यावर एक टकला, किरकिरा, मायाळू म्हातारा बसला.  आजींनी बाहीने डोळे टिपले.

"अगदी असाच झाला असता मेला," त्या म्हणाल्या.

मू-योंगलाही भरून आलं. त्याने फोटो मोठा छापला, चौकट घातली. मग आजींचा कालचा फोटो पुढे घेत विचारलं, "याला अंत्यविधीची काळी पट्टी आत्ताच लावून ठेवू का?"

आजींनी आपला फोटो उलटा केला आणि नवऱ्याची चौकट काखेत मारली.

"माझं राहू दे इतक्यात," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे म्हातारा होऊन घरी येतोय. जरा भांडू तरी दे."