स्वामी सरांची भट्टी

मानवजातीचं भवितव्य धातूच्या वरच्या पापुद्र्यात दडलेलं आहे, असं स्वामी सर स्कूटरला पाण्याचे कॅन बांधता बांधता सांगतात. पापुद्रा केसापेक्षा पातळ. कॅन चार, तेही आमच्या सोसायटीच्या टाकीतून भरलेले.

ते दुष्काळाचं साल. उदगीरात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. सर रिटायर झाले होते, पण कॉलेजातली भट्टी चालवणं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून किल्ली त्यांच्याकडेच राहिली. त्या भट्टीत ते टायटॅनियमचे गोळे आठ-आठ तास नायट्रोजनमध्ये तापवत. भट्टीचं अंग गार ठेवायला भोवती पाणी फिरवावं लागे, आणि कॉलेजचा बोअर आटला होता.

उदगीरचा नवा जिल्हा मागणारी मंडळी सहीसाठी आली, तेव्हा सरांनी विचारलं, "जिल्हा झाला की नायट्रोजनचं सिलिंडर इथंच मिळंल का? लातूरला खेपा घालून राहिलो."

मंडळींचे अध्यक्ष म्हणाले, "युरिया तर आताबी मिळतो की, सर."

शेवटी सोसायटीनं मला, सेक्रेटरी म्हणून, त्यांचं पाणी तोडायला पाठवलं. सरांनी माझ्या हातात एक पिवळाधमक गोळा ठेवला.

"सोनं?"

"न्हाई हो. नायट्रोजन मुरला की असा रंग येतो. मग घासला तरी लवकर झिजत न्हाई. खुब्यात बसवायचा."

मला काही कळलं नाही. मी मान डोलावली. तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उजवा पाय ओढत बाहेर आल्या.

"सेक्रेटरी, ते माझ्या वाटणीचं पाणी हाय. मीच दिलंय."

काकूंना पूर्वी बसवलेला खुबा झिजला होता. दुसरं ऑपरेशन ठरलं होतं.

"मग हाच बसवणार?" मी विचारलं.

"ह्याला मंजुरी मिळायला धा-बारा वर्षं. आता बाजारातलाच बसंल." काकू आत गेल्यावर सर आवाज खाली आणून म्हणाले, "पण तोबी झिजला तर? मी तिसऱ्याची तयारी करून राहिलो."

सरांना तेव्हा अडुसष्टावं चालू होतं.

मी सभेत सगळं सांगितलं. मग ठराव झाला: सरांनी पाणी न्यावं, मात्र वापरून झाल्यावर परत आणून द्यावं.

सर इमानदारीनं आणून देतात. भट्टीभोवती फिरून ते कोमट झालेलं असतं. पहिली बादली काकू ठेवून घेतात आणि खुबा शेकतात. आराम पडतो म्हणे.