मिस्टर ब्राऊनचं स्वभावचित्र

मी रागीट माणूस नाही. (आमच्या ऑफिसातले लोक वेगळं सांगतील, पण ते लोक आपण वेळेवर येतो असंही सांगतात.) मला फक्त चुकीच्या गोष्टींचा राग येतो. आता दिवसभरात चुकीच्या गोष्टीच फार होतात, त्याला मी काय करणार?

बायकोचं इंग्रजी ही त्यातलीच एक. वंदना आमच्या गावच्या, म्हणजे देऊळघाटच्या, अंगणवाडीत मदतनीस आहे. तिथल्या सेविका अंबूबाई जूनमध्ये रिटायर व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागेवर वंदनाचा कधीपासूनचा डोळा. अट एकच होती, बारावी पास. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं गेल्या वर्षी परीक्षा दिली. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीत अठ्ठावीस पडले. यंदा पुन्हा उडाली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. हे मला सांगताना तिची तव्यावरची पोळी करपली, आणि वंदनाची पोळी कधी करपत नाही.

म्हणून ती दर रविवारी बुलढाण्याला अविनाश सरांच्या क्लासला जाऊ लागली. माझ्या धाकट्या भावाची, सहदेवची बायको दीपमाला, तीही बारावीसाठी त्याच क्लासला जायची. आमचं आणि सहदेवचं चार वर्षांपासून बोलणं नाही. दोघी जावा तिथं एकमेकींशी बोलत असतील अशी शंकाही मला आली नाही, कारण बोलू नको असं मी वंदनाला स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

तर जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी ठरवलं की आता हिचा होमवर्क आपणच घ्यायचा. एवढंच ठरवलं. बावीस वर्षं मी सरकारी ऑफिसात लिपिक आहे, इंग्रजी पत्रांचे मसुदे माझ्या टेबलावरून जातात. 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट' हे मी झोपेतही लिहीन. (एकदा लिहिलं होतं. साहेबांनी पाहिलं.)

पहिल्याच दिवशी एका कवितेनं माझं डोकं फिरवलं. कुंपणावर एक पक्षी बसलेला, आणि खाली प्रश्न की हा पक्षी काय सुचवतो. मी म्हटलं, पक्षी कशाला काही सुचवेल? तो कर्मचारी संघटनेचा सेक्रेटरी आहे का?

वंदना म्हणाली, "सर म्हनते, ओळीच्या मांगं काय हाये ते पाहा लागते."

मी पान उलटून पाहिलं. मागं व्याकरण होतं.

"तसं नायी हो. कवीच्या मनात काय हाये ते."

"कवीच्या मनात हाये तं कवीनं लिहा लागत होतं. अर्ज अर्धवट असला तं आमी परत पाठवतो, अर्जदाराच्या मनात शिरत नाही."

तिनं पान परत उलटून कविता पुढं घेतली.  मग मी तिला ऑफिसची पद्धत शिकवली. आधी विषय पाहायचा, मग खालची सही, मग सोबत काय जोडलंय ते. मधला मजकूर वाचायच्या फंदात पडायचं नाही, कारण कागद वाचायचा नसतो, निकाली काढायचा असतो. तिनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मधला मजकूर वाचायला लागली.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं माझ्यासमोर एक हातानं लिहिलेला कागद ठेवला. म्हणाली, हा न पाहिलेला उतारा आहे, सरांनी याच्यावर सराव करायला सांगितलाय, खाली पाच प्रश्न आहेत आणि शेवटी मुख्य पात्राचं स्वभावचित्र लिहायचं आहे. "मले जमून नायी राह्यलं. तुमी लिहून दाखवा, मी पाहून शिकतो."

शिकतो म्हणाली. बावीस वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी चष्मा पुसला.

उतारा असा होता. इंग्लंडात मिस्टर ब्राऊन आणि मिस्टर ग्रीन नावाचे दोन सख्खे भाऊ राहत. (सख्ख्या भावांची आडनावं वेगळी कशी, असं मी विचारलं. ती म्हणाली, इंग्लंडात चालते.) दोघांची शेतं लागून. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सफरचंदाचं एक झाड. बुंधा ब्राऊनच्या बाजूला, फांद्या ग्रीनच्या बाजूला. सफरचंद ग्रीनच्या शेतात पडायचं आणि ग्रीन उचलून घ्यायचा. म्हणून ब्राऊननं बुंध्यावर ऑइलपेंटनं स्वतःचं नाव लिहिलं. तरी सफरचंदं तिकडंच पडत राहिली, कारण सफरचंदांना वाचता येत नव्हतं. शेवटी ब्राऊननं भावाशी बोलणं टाकलं, त्याच्या पोरीच्या बारशालाही गेला नाही, आणि स्वतःच्या बायकोला ताकीद दिली की जावेशी बोलायचं नाही.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. आमच्याही धुऱ्यावर एक चिंच आहे. बुंधा माझ्याकडे, फांद्या सहदेवकडे, आणि बुंध्यावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव आहे. पण आमचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे, कारण त्यात मी बरोबर आहे.

उतारा वाचता वाचता माझं रक्त तापायला लागलं. असे लोक असतात तरी कसे? एका झाडापायी सख्खा भाऊ तोडायचा? पोरीच्या बारशाला जायचं नाही? मी वंदनाला म्हटलं, "हा ब्राऊन एक नंबरचा हलकट मानूस हाये."

"असं कसं म्हनता?" ती म्हणाली. "बुंधा तं त्याच्याच बाजूनं हाये ना."

"बुंधा काय चाटाचा हाये? अन् झाडावर नाव कोन लिहिते वं? झाड का शाळेतली बाक हाये?"

"त्याच्या बायकोचं काय म्हननं असन?"

"तिचं काय म्हननं असनार? असल्या मानसापाशी नांदून राह्यली, तिले तं बक्षीस द्या लागते."

वंदनानं पदर तोंडाला लावला. तिला ब्राऊनच्या बायकोचं वाईट वाटलं असं मी समजलो.

मग मी बसलोच. पाचही प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि ब्राऊनचं स्वभावचित्र दीड पान लिहिलं. ऑब्स्टिनेट लिहिलं, ग्रीडी लिहिलं, शॉर्ट-टेम्पर्ड लिहिलं. डिक्शनरी काढून आणखी तीन शब्द शोधले. शेवटी लिहिलं की अशा इसमाच्या वर्तणुकीची गंभीर दखल घेऊन त्याच्यावर कडक कारवाई व्हावी. आणि सवयीनं खाली सही ठोकली, निवृत्ती अमुक, वरिष्ठ लिपिक, दिनांक. सहीशिवाय कागद माझ्या हातातून सुटतच नाही. वंदनानं तो घडी न घालता वहीत ठेवला.

रविवारी ती क्लासहून आली. मी लगेच विचारलं नाही, मोठ्या माणसानं असं विचारू नये. ती जनावराला पाणी दाखवायला मागं गेली तेव्हा वही उघडून पाहिली. माझ्या दीड पानाखाली लाल शाईत पाचपैकी दोन मार्क होते, आणि शेरा: 'उतारा समजलेला नाही. पुन्हा वाचावे.'

माझ्या कानशिलातून वाफ निघाली. मला समजलेला नाही? मला? ज्याच्या मसुद्यात तीन-तीन साहेबांना कानामात्रा बदलायला सापडला नाही, त्याला दोन मार्क? मी वही बगलेत मारली आणि स्कूटर काढली. बुलढाण्यापर्यंत मी अविनाश सरांना मनातल्या मनात तीन वेळा निलंबित केलं.

सरांच्या पायरीवर सहदेव उभा होता. त्याच्याही बगलेत वही होती.

चार वर्षांनंतर आम्ही पहिल्यांदा समोरासमोर आलो. मी तोंड फिरवणारच होतो, पण त्याचंही तोंड माझ्याइतकंच लाल दिसलं म्हणून थांबलो.

"तुले किती देल्ले?" मी विचारलं.

"दीड." तो म्हणाला. "दीपमालानं मले मराठीत सांगतलं, म्या बोललो, तिनं विंग्रजीत लिवलं. तो ग्रीन भल्ला चोट्टा हाये दादा. दुसऱ्याच्या झाडाचं पहाटं पहाटं येचून नेते. म्या त्याले असा धुतला, असा धुतला. अन् हा मास्तर म्हनते, समजलं नायी."

"ग्रीन चोट्टा हायेच," मी म्हणालो. "पन ब्राऊन त्याच्याहून बेकार."

"हाव, तो तं हायेच."

एखाद्या मुद्द्यावर आमचं दोघांचं एकमत होण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. आम्ही बरोबरच आत शिरलो.

अविनाश सर तिशीतले, मूळचे खामगावकडचे, बोलायला मऊ. आम्ही कुणाचे कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, विद्यार्थिनींचे पालक असावेत असं समजून त्यांनी खुर्च्या दिल्या. मी वही त्यांच्यापुढं आपटली आणि म्हटलं, या दोन मार्कांचा खुलासा करा.

सरांनी कागद पाहिला. "स्वभावचित्र चांगलंय," ते म्हणाले. "रागानं लिहिलंय, पण पात्र अचूक पकडलंय. ऑब्स्टिनेट, ग्रीडी, शॉर्ट-टेम्पर्ड, एकही शब्द चुकलेला नाही. मी वर्गात वाचूनही दाखवलं, बायका खूप हसल्या."

"मंग मार्क काऊन कापले?"

"पाचव्या प्रश्नाला कापले, त्याला एकट्याला तीन मार्क आहेत. मिस्टर ब्राऊन सध्या कुठे राहतात असा प्रश्न आहे. तुम्ही लिहिलंय, इंग्लंड."

"मग? उताऱ्यात इंग्लंडच हाये."

"हो, पण तो वरचा अर्थ झाला. उतारा काही पुस्तकातला नाही. मी वर्गाला सांगितलं होतं की जोडीजोडीनं स्वतःच्या पाहण्यातला एक उतारा रचा, प्रश्न काढा, उत्तरं माझ्याकडे द्या आणि उतारा घरच्या कुणाकडून तरी सोडवून आणा. हा तुमच्या दोघांच्या घरच्यांनी मिळून रचला." त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. "त्यांच्या उत्तरात आहे, ब्राऊन आणि ग्रीन दोघेही सध्या देऊळघाटला राहतात. मला तर ही कल्पना फार आवडली. तुम्हाला ओळखता नाही आलं?"

मी सहदेवकडे पाहिलं. सहदेवनं माझ्याकडे पाहिलं. सरांनी आमच्याकडे पाहिलं, आणि मग वहीतल्या सहीकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांना काहीतरी समजलं असावं, कारण ते एकदम चहा सांगायला आत गेले ते आलेच नाहीत.

परत येताना सहदेव माझ्या स्कूटरवर मागं बसला. चार वर्षांनी दोघं भाऊ एका गाडीवर, आणि कारण काय, तर दोघंही बायकांवर सारखेच भडकलेले. रस्ताभर आम्ही एकमेकांना दुजोरा देत गेलो. क्लास बंद, परीक्षा बंद, जावा-जावांचं बोलणं बंद. शेवटच्या मुद्द्यावर सहदेव म्हणाला की मग आपलंही बंद करावं लागेल, तेव्हा तो मुद्दा पुढं ढकलला.

माझ्या ओट्यावर दोघी समोरासमोर बसून चिंचा फोडत होत्या. माझ्या चिंचा की त्याच्या, हे विचारण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी ओरडलो, "वंदना, उद्यापासून तुहा क्लास बंद."

तिनं हातातला बत्ता खाली ठेवला. "काऊन?"

"काऊन म्हंजे? नवऱ्याले चार लोकात हलकट म्हनतं?"

"मी कुटी म्हनलं? उताऱ्यात सांगा बरं, हलकट शब्द कुटी हाये?" ती उठून उभी राहिली. "झाडावर नाव लिवलं, इतकंच मी लिवलं. ग्रीडी कोनं लिवलं? शॉर्ट-टेम्पर्ड कोनं लिवलं? खाली सही कोनाची हाये?"

मी सहदेवकडे पाहिलं. तो चिंचेचा चिचोका निरखून पाहत होता.

"अन् ऐका," वंदना म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका चढला. "बारा वर्सं मी त्या अंगनवाडीत खिचडी शिजवली, लेकरांचे नाकं पुसले. अंबूबाईच्या खुर्चीवर जे कोनी येईन तिच्या हाताखाली मी आनखी बारा वर्सं नाकं पुसनार नायी. तुमी दोघं भाऊ मराचं तं त्या झाडाखाली भांडून मरा. मले इंग्रजी काढाचं हाये. तुमाले राग येते, मले येत नसन का?"

दीपमाला हळूच म्हणाली, "ताई, इन्फरन्सचा प्रश्न राह्यला आपला."

"हाव, आन ते पुस्तक." आणि दोघी आमच्यासमोर खाली बसून इन्फरन्स, म्हणजे ओळीमागचा अर्थ काढायला लागल्या. आम्ही दोघं आपापल्या रागासकट उभे होतो, पण त्याचं काय करायचं ते सुचेना. शेवटी सहदेव म्हणाला, दादा, धुऱ्याकडं जाऊन येऊ. आम्ही गेलो, चिंचेखाली बसलो आणि अंधार पडेपर्यंत शिक्षणपद्धतीला शिव्या दिल्या. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू आहे. झाडाचा विषय निघत नाही, कारण दोघांनाही आपण पुन्हा वहीत जाऊ अशी भीती वाटते.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. मेमध्ये निकाल लागला तेव्हा वंदनानं मोबाईल माझ्या हातात दिला आणि स्वतः दाराकडं तोंड करून उभी राहिली. इंग्रजी, एकसष्ट. दीपमालाही पास झाली. वंदना रडली, मग हसली, मग अंबूबाईंना सांगायला पळत गेली. मलाही डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. (खरंच आलं. पण चष्मा होता.)

परत आल्यावर मी मोठ्या मनानं चहा केला आणि विचारलं, "न पाहिलेल्या उताऱ्याची तुले लई भीती होती. तो कसा गेला?"

"त्याच्यात पैकीच्या पैकी असतीन," ती कप घेत म्हणाली. "एका मानसाचा होता. त्याले काहीच कारन नसताना सारखा राग येते. मी पहिली ओळ वाचली अन् सरळ उत्तरं लिहाले घेतली, बाकीचा उतारा वाचाचं कामच नायी पडलं."