सहा मिशा की आठ

रविवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. जेवणाच्या खोलीत, फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये ठेवलेल्या तीन फुटी काचेच्या टाकीसमोर चार माणसे श्वास रोखून उभी होती. पडदे ओढलेले, पंखा बंद. टाकीच्या तळाशी एक मासा होता. निदान पावतीवर तरी एकच होता.

या सगळ्याला कारण गोगलगायी. भिंगरावांच्या टाकीत त्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की बायको म्हणाली, "अहो, एक दिवस या माझ्या ताटात चढतील."

भिंगराव हे त्यांचे खरे नाव नव्हे, ते कचेरीतल्या लोकांनी ठेवलेले. ओळखपत्रांची तपासणी हे त्यांचे काम. समोरच्याचा चेहरा फोटोशी ताडायचा, तीळ शोधायचा, कानांचा आकार बघायचा आणि मगच 'ओळख पटली' असा शिक्का उठवायचा. सव्वीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही खोटा माणूस सुटला नव्हता. (खरे मात्र बरेच अडकले. एकाने तर मिशी काढल्याबद्दल लेखी माफी मागितली होती.)

तर असे हे भिंगराव मासेवाल्याच्या दुकानात गेले.

"लोच न्या साहेब," मासेवाला म्हणाला. "तळाशी फिरतो. गोगलगायीला कवचातून ओढून खातो."

"कुठल्या जातीचा लोच?"

"पट्ट्यांचा."

"पट्टे मलाही दिसतायत. जात विचारतोय मी."

ज्याला स्वतःच्या दुकानातल्या मालाची जात ठाऊक नाही, त्याला दुकान उघडायची परवानगी दिली कोणी? हा प्रश्न भिंगरावांनी तिथेच, चार गिऱ्हाइकांसमोर विचारला. मासेवाल्याने उत्तरादाखल मासा पिशवीत भरला.

"यांना सोबत लागते. चार-पाच तरी न्या."

"आधी एकाची ओळख पटू दे."

"मग हे लाकूड तरी न्या. पोकळ आहे, त्याला लपायला बरं." असे म्हणून त्याने टाकीतला एक ओंडका तसाच उचलला आणि ओल्या कागदात गुंडाळून दिला. पावती झाली: लोच, नग एक. लाकूड, नग एक.

घरी आल्यावर भिंगरावांनी पुस्तक उघडले. लोचच्या जाती पुष्कळ. काही चार बोटांवर थांबतात, काही हातभर वाढतात. ओळखायचे तर मिशा मोजा. काहींना सहा असतात, काहींना आठ. आता पाण्यात वळवळणाऱ्या माशाच्या मिशा मोजायच्या म्हणजे खाऊ नव्हे. पण माणूस हटला नाही. मिशा झिजू नयेत म्हणून त्यांनी टोकदार खडी काढून मऊ वाळू घातली. मग कचेरीतला एक कोरा तपासणी अर्ज आणून त्यावर नोंदी सुरू केल्या. सोमवार: पट्टे सात, मिशा सहा. मंगळवार: पट्टे नऊ, मिशा आठ.

बुधवारी त्यांनी जवळून पाहण्यासाठी मासा चहाच्या गाळणीत धरला. लोचच्या डोळ्याखाली एक काटा असतो, घाबरला की तो बाहेर काढतो. तो काटा जाळीत अडकला. माशाला इजा न करता सोडवायचा एकच उपाय होता. भिंगरावांनी गाळणी कात्रीने कापली.

"माझी गाळणी!" बायको म्हणाली.

"त्याचा डोळा गेला असता!"

"लग्नात माझ्या साडीवर शाई सांडली, तेव्हा एवढी धावपळ नव्हती केलीत."

त्या दिवसापासून माशाला हलवायला लोणच्याची बरणी आली. (लोणचे कुठे गेले, हा प्रश्न बायकोने पुढे दोन दिवस विचारला.) मासा अंधुक उजेडातच बाहेर येतो म्हणून जेवताना दिवा बंद झाला. आवाज झाला की लाकडात शिरतो म्हणून बोलणेही बंद झाले. तीन माणसे अंधारात मुकाट जेवू लागली. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. त्या दुपारभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसत.

गुरुवारी त्या म्हणाल्या, "जावईबापू, दोन आहेत."

"काय दोन?"

"मासे."

भिंगरावांनी पावती पुढे केली.

"मी पावती नाही बघितली," सासूबाई म्हणाल्या. "टाकी बघितली."

भिंगराव जावई म्हणून वाईट नव्हते. शनिवारी ते सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, नंबर बदललाय. संपला विषय! एकाचे दोन दिसतात, पुरावा कागदावर आला. नव्या चष्म्याची ऑर्डर देऊनच ते परतले.

पण मग मिशा कधी सहा, कधी आठ, याचा अर्थ काय? भिंगराव पुढच्या तीन रात्री विचार करत होते. एकदा खुशीत आलेला मासा टाकीच्या डाव्या टोकाला 'टक्' असा आवाज काढतो आणि लगेच उजव्या टोकालाही 'टक्' होते, हे त्यांनी स्वतः ऐकले आणि डोक्यात प्रकाश पडला. हा मासा रूप बदलतो! पोट भरले की मिशा वाढतात आणि आवाजही लांब फेकतो! त्यांनी मत्स्यमित्र मंडळाला चार पानी पत्र लिहिले. सचिवांचे उत्तर आले: रविवारी पाहायला येतो, खरे निघाले तर वार्षिक पुस्तिकेत तुमच्या नावानिशी छापू.

"ठीक," बायको म्हणाली. "खरं निघालं तर टाकी इथेच. नाही निघालं तर टाकी मागच्या गॅलरीत, आणि मी इथे दिवा लावून मोठमोठ्याने बोलत जेवणार."

भिंगराव हो म्हणाले खरे, पण गॅलरीकडे एकदा बघून आले. गॅलरीत दुपारभर ऊन. आणि दुसरेही एक होते, जे त्यांनी अर्जात लिहिले नव्हते. कचेरीतून आल्यावर ते टाकीशी वाकले की मासा काचेपाशी येई आणि मिशा हलवत त्यांना निरखून बघे. सव्वीस वर्षे लोकांना निरखण्यात गेली. त्यांना कोणी निरखावे, हे पहिल्यांदाच घडत होते.

तर रविवार, दहा वाजून पाच मिनिटे. सचिव पेशाने दंतवैद्य. त्यांनी टॉर्च आणि दात बघायचा छोटा आरसा आणला होता. मासा लाकडाच्या डाव्या तोंडातून बाहेर आला.

"सहा," सचिव म्हणाले.

"आता बघा." भिंगरावांनी खाद्य टाकले. माशाने ते गिळले, वळला, लाकडात शिरला आणि क्षणात उजव्या तोंडातून बाहेर आला.

सचिवांनी आरसा काचेला लावला. "आठ!"

"म्हटलं नव्हतं?" भिंगरावांचा आवाज चिरकला.

तेवढ्यात डावीकडून सहा मिशांचा मासा पुन्हा बाहेर आला आणि आठ मिशांच्या शेजारी वाळूवर आरामात पहुडला.

 सचिवांनी टॉर्च विझवला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "मिशा नाही वाढल्या. मासे वाढले."

बायकोने पदर तोंडाशी धरला, पण हसू काही आवरेना. भिंगरावांनी तरातरा जाऊन मासेवाल्याला फोन लावला.

"दुसरा तुझ्या लाकडातून आला!"

"लाकूड मी रिकामंच दिलं होतं साहेब. पावती बघा."

"मग आला कुठून?"

"ओळख पटवायचं काम तुमचं ना?" फोन बंद.

भिंगराव टाकीची वायर काढू लागले. शब्द म्हणजे शब्द. पण सासूबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. "टाकी इथेच राहील," त्या म्हणाल्या. "दुपारी मला सोबत कोण आहे?" बायकोने आईकडे पाहिले, नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पडदे उघडून चहा टाकायला गेली. (गाळणी नवी होती.) सचिवांनी वहीत लिहून घेतले: एकाच टाकीत दोन जाती सुखाने; निरीक्षण, सासूबाई. टाकी, जावयाची.

चहा पिता पिता सासूबाईंनी आदल्या दिवशी आलेला नवा चष्मा पहिल्यांदा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, तुमचंच खरं हो. जुन्या चष्म्यातून मला चुकीचंच दिसत होतं."

भिंगरावांची मान जरा वर आली. "मी म्हणत नव्हतो?"

"दोन नाहीतच," सासूबाई म्हणाल्या. "तीन आहेत."

चौघे पुन्हा काचेला नाक लावून उभे राहिले. तीनच होते. मासेवाला त्यानंतर फोन उचलत नाही. पावतीवर अजूनही लिहिलेले आहे: लोच, नग एक.