काकांच्या मंजुरीशिवाय रिलीज नाही!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. शाळेची घंटा माझ्याइतकी या जगात कोणाला कळत नाही! शाळा सोडली म्हणून काय झालं? शाळा सोडल्यावरच तर मी घंटेच्या नादी लागले.

म्हणजे असं की, घंटा वाजवणारं एक सॉफ्टवेअर आहे. एकदम फुकट. शाळा असो, कारखाना असो, कॉम्प्युटरवर टाका, वेळा भरा, घंटा आपोआप वाजते. कोड सगळ्यांना उघडा. जगभरातली माझ्यासारखी रिकामटेकडी माणसं तो फावल्या वेळात लिहितात. पगार कोणालाच नाही, त्यामुळे भांडणं मात्र पोटभर! ज्यांनी हे सुरू केलं त्यांना आम्ही मालक म्हणतो. फुकटच्या मालाचे मालक! पण त्यांची दुसरी एक कंपनीही आहे. खरी. पगारवाली.

मागच्या वेळी नवीन आवृत्ती कोणी न तपासताच बाहेर सोडली. एका शाळेत मधल्या सुट्टीची घंटा सुरू झाली ती थांबेचना! पोरं नाचतायत आणि हेडमास्तर टेबलावर चढून वायर उपटतायत! मालकांची अब्रू गेली. ते म्हणाले, "आता रिलीजला कोणीतरी शिस्त लावा." सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. मी हात वर केला.

मालकांचा फोन आला. "हा रिलीज नियमात काढून दाखव. मग ये माझ्या ऑफिसात कामाला. सर्टिफिकेट विचारणार नाही."

सर्टिफिकेट विचारणार नाही! अहो, मला झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा आधी शाळेचा कागद मागितला होता. झेरॉक्स काढायलाच मागत असतील असं वाटलं, पण नाही, नोकरीसाठीच!

बसल्या बैठकीला मी नियम ठोकले. लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याने 'मंजूर' म्हटल्याशिवाय एक ओळ आत येणार नाही, मग ती मालकांची का असेना!

आणि पहिलीच अडकली ती माझी ओळ. न थांबणारी घंटा थांबवायचा इलाज मीच लिहिला होता. तपासणार कोण? आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, दोन पेशंटच्या मधे कोड लिहितात. त्यांना विचारलं.

"अगं, माणूस तोंड उघडून बसलाय खुर्चीत. पुढच्या आठवड्यात बघतो."

पुढच्या आठवड्यात परत विचारलं.

"तूच नियमात लिहिलंयस ना, घाईने तपासायचं नाही म्हणून?"

माझं डोकंच फिरलं! मी सगळ्यांसमोर ग्रुपवर लिहिलं, "तुमच्यापेक्षा किडकी दाढ बरी, निदान दुखून जागं तरी करते!" झालं! डॉक्टर रुसले. तपासायला येऊ म्हणणारे आणखी दोघं होते, तेही पळाले.

मग मी एक नवीन खातं उघडलं. नाव ठेवलं 'निवृत्त काका'. फोटो आरामखुर्चीचा. माझी भाषा सगळ्यांना माहीत, म्हणून काकांच्या तोंडात साखर भरली. काकांनी माझा इलाज तपासला आणि लिहिलं, "बाळ, काम सुरेख आहे. मंजूर."

सुटले! असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर हजर. "काका, माझंही जरा बघता का?" काकांनी बघितलं, चूक काढली. डॉक्टर विरघळले! "काका, डोळे उघडलेत!" अरे, हीच चूक मी महिन्यापूर्वी सांगितली होती! तेव्हा मला म्हणाले होते, आधी शाळा पुरी कर.

हळूहळू सगळे काकांच्या मागे लागले. मी दिवसभर काका! मग एकाला शंका आली, "काका या पोरीचं सगळं मंजूर कसं करतात?" आता आली का पंचाईत! शंका फेडायची म्हणून काकांकडून माझाच एक बदल नामंजूर करवला. "बाळ, इथे घाई झाली आहे." आणि गंमत म्हणजे घाई खरंच झाली होती! मीच काढलेली चूक मलाच झोंबली! मी उलट लिहिलं, "ए म्हाताऱ्या, तुला काय कळतं? जा, खुर्चीत झोप!"

ग्रुप पेटला. आठवडाभर वेळ नसलेले डॉक्टर पेशंटला तसंच सोडून धावत आले. "माफी माग आधी!"

मागितली. माझीच माफी मीच मागितली! काकांनी उत्तर दिलं, "लेकरू आहे, रक्त गरम आहे. कामाला मात्र सोनं." त्याखाली लाल बदामांचा पाऊस. माफीखाली एक अंगठासुद्धा नाही.

रिलीज निघाला. घंटा वाजली आणि थांबलीसुद्धा! मालकांचा फोन आला.

"झकास झालं गं!"

"मग कधीपासून येऊ?"

"अगं, त्या जागेसाठी मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझं वय झालं, पोरीला घ्या. बघ, केवढं मन! आणि अशा माणसाला तू म्हाताऱ्या म्हणतेस? माझ्या ऑफिसातल्या लोकांमध्ये तुला बसवू कशी?"

"मालक, ते काका मीच आहे!"

मालक म्हणाले, "त्यांचं नावही आता स्वतःला लावणार? लाज वाटू दे जरा." फोन बंद.

काकांच्या खात्यातून दोन ओळी लिहिल्या असत्या की झालं असतं सिद्ध. पण मग लिहिणारी मी, तपासणारीही मीच! अख्खा रिलीज नियमाबाहेर. मालकांनी तो मागे घेतला असता आणि सगळीकडे परत ती न थांबणारी घंटा. दात ओठ खाऊन गप्प बसले.

आई शिवणयंत्रावर बसली होती, ओठांत टाचण्या. "नोकरीचं काय झालं?"

मी मोबाइलवरचे काकांचे निरोप तिच्यासमोर धरले. तिने टाचण्या काढून सावकाश वाचले.

"किती सज्जन माणूस आहे! शीक काहीतरी यांच्याकडून."

"आई, हे सगळं मी लिहिलंय."

"तू?" तिने मला खालीवर बघितलं. "बरं. मग माझ्याशी बोलून दाखव एकदा असं गोड."

मी दीर्घ श्वास घेतला. तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं, खरंच!

"बोलतेय ना! अशी टक लावून काय बघतेस!"